श्रीलंका: प्रथमच जाणाऱ्यांनी आधी महिना पाहावा की ठिकाण?

पर्जन्यरेषा

श्रीलंकेची ओळख करून देणारे लेख वाचले, तर त्यांत प्रेक्षणीय स्थळांची लांबलचक यादी असते आणि हवामानाविषयी शेवटी एखादीच ओळ येते, की डिसेंबर ते मार्च हा काळ सर्वांत चांगला. ही ओळ खोटी नाही, पण ती अर्ध्याच देशाला लागू पडते. विषुववृत्ताच्या उत्तरेस सहा ते दहा अंशांच्या पट्ट्यात वसलेल्या या बेटावर वर्षातून दोन मोसमी पाऊस येतात, ते दोन वेगवेगळ्या दिशांनी येतात आणि मधला डोंगराळ प्रदेश एका बाजूचे ढग दुसऱ्या बाजूला सहसा जाऊ देत नाही. त्यामुळे श्रीलंकेला कधी जावे, या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. आपल्याला मिळालेल्या महिन्यात या बेटाच्या कोणत्या बाजूला जावे, असे विचारले तर मात्र जवळपास बाराही महिने उत्तर सापडते.

नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारण मे ते सप्टेंबर या काळात कोलंबो, गॉल, हिक्कडुवा, मिरिस्सा हा किनारा आणि डोंगरांचे पश्चिम उतार भिजवतो. याच महिन्यांत पूर्वेकडची त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा ही ठिकाणे कोरडी असतात, तिथला समुद्र शांत असतो आणि अरुगम बे येथे लाटांवर खेळणाऱ्यांचा हंगाम भरात असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्य मोसमी पाऊस आला की चित्र उलटते. तेव्हा पूर्व आणि उत्तर भागात पाऊस असतो, तर दक्षिण किनाऱ्यावर स्वच्छ ऊन पडते आणि मिरिस्साहून निळे देवमासे पाहण्यासाठी बोटी निघतात. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन संधिकाळ. त्यांपैकी दुसरा मला बेभरवशाचा वाटतो, कारण दुपारनंतरच्या गडगडाटी सरी तेव्हा कुठेही गाठू शकतात आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळही तोच. तापमानाची मात्र चिंता करू नये. किनाऱ्यावर वर्षभर उबदार आणि दमट हवा असते. नुवारा एलियासारख्या उंचावरच्या गावी रात्री स्वेटर लागतो, एवढाच काय तो फरक.

दुसरी गोष्ट अंतरांची. देशाचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर आहे, उत्तर-दक्षिण लांबी साधारण ४३० किलोमीटर आहे, आणि हे आकडे पाहून माणूस एका आठवड्यात सगळे बेट पालथे घालण्याचे बेत आखतो. द्रुतगती मार्गाने कोलंबोहून गॉलला दोन तासांच्या आत पोहोचता येते, हे खरे. पण कोलंबो ते कँडी हे सव्वाशे किलोमीटरांच्या आतले अंतर रस्त्याने सहज तीन तास घेते आणि डोंगरात शिरल्यावर तर किलोमीटर मोजण्यात अर्थच उरत नाही. ज्यांच्या हाती सात-आठ दिवस आहेत, त्यांनी एक किनारा, एक डोंगरी मुक्काम आणि मध्यभागातील प्राचीन नगरे एवढ्यावर समाधान मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कंदील

माहिती उपयोगी आहे. आम्हाला ऑगस्टखेरीज सुटी मिळत नाही आणि सोबत सत्तरी ओलांडलेले आईवडील आहेत. प्रवास कंपनीने ऑगस्ट म्हणजे पावसाळा असे सांगून दुसराच देश सुचवला. ऑगस्टमध्ये जाण्यात खरोखर काही अर्थ आहे का?

पर्जन्यरेषा

कंदील, ऑगस्टमध्ये तुम्ही जरूर जावे, फक्त दक्षिण किनारा या खेपेस सोडून द्यावा. त्या महिन्यात दंबुल्ला, सिगिरिया, पोलोन्नरुवा हा टापू बहुतांशी कोरडा असतो आणि तिथून त्रिंकोमालीचा किनारा एका बाजूला काही तासांवर आहे. कँडीत अधूनमधून सरी येतात, पण त्याच सुमारास तिथे एसला पेरहेरा असतो, म्हणजे बुद्धाचा दात जपलेल्या दंतमंदिराच्या वतीने निघणारी, सजवलेले हत्ती, कँडीचे नर्तक आणि ढोलवादक यांची रात्रीची मिरवणूक. तारखा चंद्रावर ठरत असल्याने दर वर्षी बदलतात आणि ती जुलै-ऑगस्टमध्ये येते. वृद्ध माणसांना घेऊन तिथे जायचे असल्यास पदपथावर तासन्‌तास बसण्यापेक्षा आधीच आरक्षित खुर्ची घ्यावी, कारण गर्दी आणि हॉटेलांचे दर दोन्ही त्या दिवसांत बेसुमार वाढतात.

सिगिरियाच्या खडकावरील किल्ल्यावर चढायला सुमारे बाराशे पायऱ्या आहेत. आईवडिलांना वर नेण्याचा आग्रह धरू नये. खडकाच्या पायथ्याशी असलेली जलउद्याने सपाटीवर आहेत आणि तीही तितकीच पाहण्यासारखी आहेत.

तळ्याकाठी

जलउद्यानांचा उल्लेख आलाच आहे, तर त्यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण परदेशी पाहुणे सिगिरियाला येतात ते बहुधा खडकावरची भित्तिचित्रे आणि सिंहाचे पंजे पाहायला, आणि पाण्याची बाजू त्यांच्या नजरेतून सुटते.

बेटाचा उत्तर-मध्य भाग कोरडा म्हणून ओळखला जातो. तिथे पाऊस पडतो, पण तो प्रामुख्याने ऑक्टोबर ते जानेवारीत पडतो आणि नंतर कित्येक महिने जमीन तहानलेली राहते. भातशेती करायची तर ते पाणी अडवून ठेवल्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणून अनुराधापुर आणि पोलोन्नरुवा येथील राजांनी शतकानुशतके तलाव बांधले, ज्यांना तिथे 'वेव' म्हणतात, आणि हजारो लहानमोठे वेव आजही त्या प्रदेशाच्या नकाशावर दिसतात. पाचव्या शतकातील धातुसेन राजाने कला वेव बांधला आणि तिथून अनुराधापुरापर्यंत ८७ किलोमीटर लांबीचा योद एल हा कालवा काढला. त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यातील उतार दर किलोमीटरला जेमतेम दहा सेंटीमीटर आहे. आधुनिक उपकरणे हाताशी नसताना हा उतार कसा राखला असेल, याचा विचार करीत त्या कालव्याच्या काठाने थोडे चालावे, अशी माझी शिफारस आहे.

मोठ्या तलावांच्या बांधात दगडांनी बांधलेली एक चौकोनी विहीर असते, तिला 'बिसोकोटुव' म्हणतात. तलावातले पाणी प्रचंड दाबाने बाहेर पडू लागले तर बांधच फोडील. म्हणून ते आधी या विहिरीत येते, तिथे त्याचा जोर मोडतो आणि मग ते बेताने कालव्यात सोडले जाते. बांधावरून जाणाऱ्या रस्त्यावरून पर्यटकांच्या गाड्या दिवसभर धावत असतात, पण तिथे उतरून खाली डोकावणारा क्वचितच दिसतो.

याच धातुसेनाचा मुलगा कश्यप. इतिवृत्तांत अशी कथा येते की, कश्यपाने सत्ता बळकावून बापाला कैद केले आणि दडवलेला खजिना दाखवण्याची मागणी केली, तेव्हा धातुसेनाने पहारेकऱ्यांना कला वेवच्या काठी नेले, ओंजळीत पाणी घेतले आणि आपली संपत्ती ती हीच, असे सांगितले. त्यानंतर त्याला भिंतीत चिणून मारण्यात आले. बापाचा खून करून गादीवर आलेल्या या राजाने भावाच्या भीतीने राजधानी सिगिरियाच्या खडकावर हलवली आणि ४७७ ते ४९५ या काळात तिथून राज्य केले. गंमत अशी की, पाण्याला संपत्ती म्हणणाऱ्या बापाला मारणाऱ्यानेही आपल्या राजवाड्याच्या पायथ्याशी पाण्याचेच वैभव उभे केले. तिथली दगडी कारंजी केवळ उंचीच्या फरकातून मिळणाऱ्या दाबावर चालतात आणि पुरेसा पाऊस झाला तर आजही त्यांतून पाणी उडते. म्हणजे जो महिना यादीत 'टाळावा' म्हणून लिहिलेला असतो, त्याच महिन्यात ही कारंजी जिवंत दिसण्याची शक्यता अधिक असते.

आणखी एक सूचना. सिगिरियाच्या कड्यावर आग्यामाश्यांची मोठी पोळी आहेत आणि शांतता राखण्याचे फलक लावलेले आहेत. ते फलक शोभेसाठी नाहीत.

रुळांवरून

तळ्याकाठी यांनी कोरड्या भागाचे लिहिले, मी ओल्या डोंगरांविषयी लिहितो. कोलंबो फोर्ट स्थानकातून निघणारा मुख्य रेल्वेमार्ग कँडीच्या बाजूने चढत जाऊन नानू ओया, पट्टिपोल, एल्ला करत बदुल्ल येथे संपतो. पट्टिपोल स्थानक समुद्रसपाटीपासून १,८९१ मीटर उंचीवर आहे. कँडी ते एल्ला हा टप्पा साधारण सहा-सात तासांचा आहे आणि एल्लाच्या जवळचा देमोदर येथील नऊ कमानींचा पूल १९२१ मध्ये पूर्ण झाला. राखीव जागांची तिकिटे फार लवकर संपतात. मात्र अनारक्षित डब्यात उभे राहण्याची तयारी असेल तर अडत नाही. उघड्या दारात लटकून छायाचित्रे काढण्याची जी साथ आली आहे, तिच्यातून अपघात झालेले आहेत, तेव्हा तो मोह टाळावा.

दोन्ही बाजूंनी दिसणारे चहाचे मळे सुंदर आहेत यात शंका नाही, परंतु त्यांचा इतिहास माहीत असलेला बरा. जेम्स टेलर याने १८६७ मध्ये लूलकंदुरा येथे चहाची व्यापारी लागवड सुरू केली आणि लवकरच कॉफीच्या पानांवरील तांबेऱ्याने तिथली कॉफी संपवल्यामुळे सारा डोंगर चहाकडे वळला. पाने खुडणारे मजूर दक्षिण भारतातून आणलेले तमिळ होते. देश स्वतंत्र झाल्यावर १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतील बहुसंख्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवले गेले आणि हा प्रश्न पूर्ण सुटायला २००३ साल उजाडले. मळ्यात टोपली पाठीला लावून फोटो काढून घेणाऱ्या पाहुण्यांना हे कोणी सांगत नाही.

पर्जन्यरेषा यांनी संधिकाळाबद्दल जे लिहिले, त्याला एक अलीकडचा दाखला जोडतो. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस आलेल्या दितवा चक्रीवादळाने डोंगरी जिल्ह्यांत मोठी भूस्खलने झाली, शेकडो माणसे दगावली आणि रेल्वेमार्गाचेही बरेच नुकसान झाले. त्यामुळे गाडी ठरवलेल्या टप्प्यावर धावत आहे किंवा नाही, याची रेल्वेकडे खात्री केल्यावरच पुढची हॉटेले घ्यावीत.

हॉर्टन प्लेन्स या डोंगरावरील राष्ट्रीय उद्यानात जाणाऱ्यांनी भल्या पहाटे निघावे, कारण जगाचा शेवट असे नाव मिळालेला तिथला कडा सकाळी नऊ-दहानंतर बहुधा ढगांत बुडतो. प्रवेशद्वारावर पिशव्या उघडून पाहतात आणि बिस्किटांचे प्लॅस्टिकचे वेष्टनसुद्धा काढून घेऊन बिस्किटे कागदात बांधून देतात. वेळ जातो, पण आत कचरा दिसत नाही.

पान_वाढले

शाकाहारी मंडळींसाठी लिहिते. श्रीलंकेचे रोजचे जेवण म्हणजे भात आणि भोवती चार-पाच भाज्या-कालवणे. डाळ, फणस, बीट, भेंडी, हिरव्या पानांची खोबरे घालून केलेली कोशिंबिरीसारखी मल्लुम हे सारे त्यात असते, त्यामुळे पाहुण्याला वाटते की इथे शाकाहार सोपा आहे. अडचण आहे ती उंबलकडची. उंबलकड म्हणजे वाळवून लाकडासारखा टणक केलेला टुना मासा. तो कुटून पोल सांबोल, लुणू मिरिस, सीनी सांबोल अशा चटण्यांत आणि अनेकदा भाजीतही घालतात. तिथल्या स्वयंपाकात तो मसाल्याच्या जागी येतो, म्हणून "यात मासा आहे का" असे विचारल्यावर अगदी प्रामाणिकपणे नाही असे उत्तर मिळू शकते. उंबलकड हे नाव घेऊनच विचारावे. कोलंबोतील वेल्लवत्त भागात आणि जाफन्यात तमिळ पद्धतीची शुद्ध शाकाहारी उपाहारगृहे आहेत, तिथे हा प्रश्नच येत नाही.

आप्प (आपल्याकडचे आप्पे नव्हे, तर अप्पम) हा पदार्थ सहसा संध्याकाळी मिळतो; काठ कुरकुरीत आणि मध्यभाग जाड व मऊ असलेली ती वाटीच असते. रस्त्यावर लोखंडी पात्यांचा खणखणाट ऐकू आला की कोत्तु रोटी, म्हणजे तव्यावर तुकडे करून परतलेली रोटी, चालली आहे असे समजावे. चहाच्या टपरीत बसल्यावर न मागता एका ताटलीत सात-आठ खाद्यपदार्थ, म्हणजे रोल, पॅटिस, वडे, समोर आणून ठेवतात. घाबरून ताटली परत पाठवू नये. जेवढे खाल तेवढ्याचेच पैसे घेतात आणि उरलेले पुढच्या गिऱ्हाइकाकडे जातात. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी काउंटरवरून वेगळे मागून घ्यावे.

वळणवाट

मला पर्जन्यरेषा यांचे म्हणणे पूर्णपणे मान्य नाही. पाऊस महत्त्वाचा आहे, पण पाहुण्याची खरी अडचण होते ती दिनदर्शिकेमुळे. दर पौर्णिमेला पोया असतो आणि ती सार्वजनिक सुटी असते. त्या दिवशी मद्यविक्री बंद असते, मांसाची दुकानेही बंद असतात आणि मंदिरांकडे जाणारे रस्ते पांढऱ्या वस्त्रांतील भाविकांनी भरून जातात. वेसाक पोयाला, म्हणजे मे महिन्यातील बुद्धपौर्णिमेला, घरोघरी कागदी कंदील लागतात आणि रस्त्याच्या कडेला 'दन्सल' मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालतात. पाहुण्यांनाही आग्रहाने बोलावतात. हवामानाच्या हिशेबाने मे हा वाईट महिना ठरतो, पण वेसाकसाठी मी तो निःसंकोच निवडीन. याउलट १३-१४ एप्रिलच्या सिंहली-तमिळ नववर्षाला दुकाने कित्येक दिवस उघडत नाहीत, कोलंबो ओस पडते आणि नुवारा एलियात पाय ठेवायला जागा नसते. ऊन असूनही तो आठवडा नवख्याने टाळावा. श्रीपाद शिखराची यात्रा डिसेंबरच्या पोयापासून वेसाकपर्यंतच चालते. त्या काळात पाच हजारांहून अधिक पायऱ्यांवर रात्रभर दिवे आणि चहाची दुकाने असतात, एरवी वाट अंधारी आणि निसरडी असते.

शिवाय सात-आठ दिवसांच्या त्याच त्या चाकोरीत उत्तर भाग कधीच येत नाही. १९८३ ते २००९ असे चाललेले यादवी युद्ध जिथे लढले गेले, तो प्रदेश न पाहता या देशाची ओळख झाली असे कसे म्हणावे? १९८१ मध्ये जाळले गेलेले जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय आज पुन्हा उभे आहे, नल्लूरचे कंदस्वामी मंदिर आहे, आणि २०१४ पासून कोलंबोहून जाफन्यापर्यंतची रेल्वेही पुन्हा सुरू झाली. उत्तरेतील काही जागांवर भूसुरुंग काढण्याचे काम दीर्घकाळ चाललेले आहे, म्हणून आडवाटेला न जाता वापरातल्या रस्त्यावरच राहावे.

पर्जन्यरेषा

वळणवाट, पोयाचा मुद्दा मान्य; तो माझ्या पहिल्या लेखात यायलाच हवा होता. उत्तरेबाबत मात्र मी म्हणेन की ती दुसऱ्या खेपेला पाहावी, कारण जाफना सवडीने पाहण्याची जागा आहे आणि कँडी, एल्ला, गॉल यांच्या धावपळीत ती कोंबली तर तिच्यावरच अन्याय होतो.

मंदिरांतील शिस्तीबद्दलही लिहायला हवे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, पादत्राणे आणि टोपी बाहेर ठेवावी. दुपारी अनुराधापुरच्या रुवनवेलीसाय स्तूपाभोवतीची फरशी इतकी तापते की अनवाणी चालणे अवघड होते, म्हणून मोजे जवळ ठेवावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढून घेणे हा अपमान समजला जातो, आणि हा नियम कागदावरचा नाही. अंगावर बुद्धाचे गोंदण असल्यावरून २०१४ मध्ये एका ब्रिटिश महिला पर्यटकाला अटक करून देशाबाहेर पाठवले होते. पुढे २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला भरपाई मंजूर केली, पण गोंदण असल्यास ते झाकून फिरणेच शहाणपणाचे.

कंदील

आमचा बेत जवळपास ठरला. मिन्नेरियाचे हत्ती ऑगस्टमध्ये दिसतात असे वाचले, ते खरे आहे का? आणि डासांचे काय?

तळ्याकाठी

मिन्नेरिया हाही वेवच आहे, महासेन राजाने बांधलेला. कोरड्या महिन्यांत पाणी ओसरले की तळाशी कोवळे गवत उगवते आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्या गवतासाठी हत्तींचे मोठमोठे कळप तिथे जमतात. मात्र अलीकडे नव्या धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे तलाव त्या काळातही भरलेला राहतो आणि गवत बुडते, अशी निसर्ग-संवर्धकांची तक्रार आहे. म्हणून त्या आठवड्यात हत्ती मिन्नेरियात आहेत की शेजारच्या कौडुल्लात, हे स्थानिक जीपवाल्यांना विचारूनच प्रवेशपत्र काढावे. जीपला हत्तींच्या फार जवळ नेऊ नका, असे आधीच बजावून ठेवावे. बिबट्यांसाठी 'याला' राष्ट्रीय उद्यानात जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, तिथला मुख्य विभाग दुष्काळामुळे बहुधा सप्टेंबरपासून काही आठवडे बंद असतो.

डासांविषयी: २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका मलेरियामुक्त झाल्याचे जाहीर केले, पण डेंग्यू आहे आणि पावसाबरोबर तो वाढतो. हे डास दिवसा चावतात, तेव्हा मलम सकाळीच लावावे. सिंहराजाच्या वर्षावनात जळवा असतात आणि तिथे गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे भाड्याने मिळतात.

पर्जन्यरेषा

राहिलेले थोडक्यात. प्रवासाची परवानगी निघण्यापूर्वी संगणकावरून काढता येते, पण शुल्क आणि सवलतींचे नियम वारंवार बदलतात, त्यामुळे ते सरकारी संकेतस्थळावरच पाहावेत. शोध घेतल्यावर आधी दिसणारी बरीचशी संकेतस्थळे मध्यस्थांची असतात आणि जादा पैसे घेतात. परदेशी पाहुण्यांचे प्रवेशशुल्क स्थानिकांपेक्षा पुष्कळ जास्त असते; सार्क देशांच्या नागरिकांना काही ठिकाणी सवलत आहे, मात्र त्यासाठी पारपत्र दाखवावे लागते. स्वतः गाडी किंवा रिक्षा चालवायची असेल, तर आंतरराष्ट्रीय परवान्याला तिथली मान्यता आधी घ्यावी. समुद्रात लाल निशाण असेल तर गुडघाभर पाण्यातही उतरू नये, आणि ज्या किनाऱ्याचा हंगाम नाही तिथे निशाण नसले तरी उतरू नये.

नागपट्टिणमहून जाफन्याजवळच्या काँकेसंतुरैला जाणारी बोट २०२३ मध्ये सुरू झाली आहे, तिच्याबद्दल काहींनी व्यक्तिगत संदेशातून विचारले होते. वळणवाट यांच्यासारख्या उत्तरेच्या चाहत्यांना ती सोयीची आहे, पण ईशान्य मोसमी पावसात समुद्र खवळला की ती बंद ठेवतात. वर्षाअखेरीस जाणाऱ्यांनी तिच्या भरवशावर न राहता विमानाचे तिकीट काढावे.